दुसऱ्या रांगेतली फट

"लाफी, तिला विचार, हे कानाला कुठल्या बाजूने लावायचं?"

ती समोरच बसली होती. पण सोलोमोना पोटच्या मुलीशी पुतण्याच्या तोंडून बोलत होते. लोसा चर्चमधलं रविवारचं गाणं सोडून हॉटेलात गायला लागली, तेव्हापासून त्यांनी अबोला धरला होता. आज मांगेरे उपनगरातल्या तिच्या गॅरेजमध्ये ते आले, तेही चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख म्हणून. लोसाने केलेल्या कोकोला त्यांनी हातही लावला नव्हता.

लाफीने हेडफोन त्यांच्या कानांवर बसवला. वृंदाच्या गाण्याचं चर्चमधलं रेकॉर्डिंग लाफीचंच, प्रत्येक गळ्यापुढे वेगळा माइक लावून केलेलं. कुठला आवाज कुठून ऐकू यावा, हे संगणकावर ठरवायचं काम लोसाचं. ऐकणाऱ्याला तिने मुद्दाम बाबांच्या जागी उभं केलं होतं, वृंदाकडे तोंड करून. महिनाभर ती त्यावर राबली होती. बाबांनी तिच्याकडे बघून 'बरं झालंय' एवढं म्हटलं असतं, तरी तिला पुरे होतं.

गाणं सुरू झालं. सोलोमोनांनी डोळे मिटले आणि हात उचलला. उजवीकडे खर्जातले पुरुष, डावीकडे बायका. आवाज यायच्या आधीच त्यांचं बोट तिथे पोचत होतं. म्हातारा खुलला होता. लोसाच्या जिवात जीव आला.

मग बोट हवेतच अडलं.

दुसऱ्या रांगेत कुणी हलवाहलव केली, असं त्यांनी विचारलं. हेडफोनमुळे आपण ओरडतोय हे त्यांना कळत नव्हतं. ताला आणि मेले या दोघी गायिका एकमेकींना चिकटून कशा उभ्या, विचार तिला, असं त्यांनी लाफीला फर्मावलं आणि हेडफोन उतरवला.

लाफीची वाट न बघता लोसाच बोलली. "दोघींच्या मधे भगदाड ऐकू येत होतं, बाबा. मला वाटलं, लाफीने माइक लांब लावले. म्हणून मी दोघींना जवळ सरकवलं."

"मी बरोबर लावले होते," लाफी पुटपुटला. "त्या तशाच उभ्या राहतात. काका सरकू देत नाहीत त्यांना."

सोलोमोनांनी गार झालेला कोको उचलला, एक घोट घेतला आणि पहिल्यांदाच मुलीकडे पाहिलं.

"होतं तसं कर, लोसा. ती तुझी जागा आहे."