चारशे माशांची ऑर्डर

"तो बघ, खडकाखाली! दिसला?" गळ टाकायला आलेला धनंजय कुजबुजला.

"दिसला," तुकाराम म्हणाला.

त्याला काही दिसलं नव्हतं. दगड होते, पाणी होतं आणि पाण्यावर धनंजयच्या टोपीची सावली होती. गेले दहा दिवस, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर, हे असंच चाललं होतं.

दुबईपलीकडच्या हत्ताच्या उघड्याबोडक्या डोंगरात खैरुद्दीनशेठनी यंदाच हा ओढा बांधून काढला होता. चिलर लावून पाणी चौदा डिग्रीवर ठेवायचं, हिवाळा लागला की त्यात ट्राउट मासे सोडायचे, आणि दुबई-शारजातल्या साहेबलोकांनी सुट्टी काढून येऊन गळ टाकायचे. नियम एकच. मासा लागला की लगेच परत पाण्यात सोडायचा आणि वहीत आपल्या हाताने आकडा लिहायचा.

तुकाराम इथला रखवालदार, पंपवाला आणि फळ्यावर लिहिणारा. त्याआधी आठ वर्षं त्याने शारजात साइटवर सळ्या बांधल्या होत्या. ट्राउट त्याने फक्त फोनवर पाहिला होता.

हंगामाच्या तोंडाशी शेठनी दुबईत देऱ्याच्या ऑफिसात खरेदी पाहणाऱ्या दर्शनाला व्हॉइस मेसेज टाकला आणि तोच तुकारामालाही पाठवला. "दर्शना, हत्तासाठी चारशे माशांची ऑर्डर देऊन टाक. मंगळवारपर्यंत पोचायला पाहिजेत. यल्ला, यल्ला."

त्या मंगळवारी तुकाराम व्हिसाच्या मेडिकलला गेला होता. माल त्याचा मदतनीस हमदुल्लाने उतरवून घेतला. "सब आ गया भाई, ठंडे में डाल दिया," एवढं सांगून तो दुसऱ्या दिवशी पेशावरला सुट्टीवर गेला.

तेव्हापासून तुकाराम रोज फळ्यावर लिहीत होता: पाणी चौदा, वारा मंद, मासा सुस्त, काळी माशी चालेल. माशी म्हणजे गळाच्या आकड्यावर बांधलेलं पिसांचं सोंग. गिऱ्हाइकं त्याला फ्लाय म्हणत, पण तुकारामाच्या तोंडी माशी बसली होती आणि देऱ्यातही तेच रुळलं होतं.

"तुकारामभाऊ, ही जरा ओवून द्या," धनंजयने नवी माशी पुढे केली. चष्मा कपाळावर नेऊन, परत नाकावर आणून, तीनदा धागा चाटूनही त्याला ते जमलं नव्हतं. तुकारामाने एका दमात ओवून दिली.

"आज खाद्य सगळं खालच्या जाळीला अडकलंय, साहेब," तुकारामाने हळूच खडा टाकला. "कालही तसंच."

"थंड पाण्यात ट्राउट कमीच खातो. वाचत जा जरा."

"आणि तो बगळा दोन दिवस उभा राहिला, मग निघून गेला."

"बगळ्याला काय कळतंय? ट्राउट दगडाच्या रंगाचा असतो. नजर लागते त्याला, नजर!"

 तुकारामाच्या मनात नेमकं तेच घर करून बसलं होतं. मेडिकलला रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला, डोळे मात्र कुणी पाहिले नाहीत. जवळचं दिसतंय, पाण्याखालचं जातंय, असा त्याने हिशेब लावला. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण दोन वर्षं बाकी होतं. तेवढे दिवस तरी डोळे टिकायला हवे होते.

संध्याकाळी त्याने लांज्याला बायकोला, सगुणाला व्हिडिओ कॉल लावला आणि मासे दिसत नसल्याचं सांगितलं.

"मी दिसते ना?" तिने विचारलं.

"दिसतेस. मागचा कॅलेंडरवरचा गुरुवारही दिसतोय."

"मग मासे बघून काय करायचंय तुम्हाला?"

धनंजयने त्या दिवशी वहीत एकवीस लिहिले. त्याच्या आधीच्या गिऱ्हाइकाने एकोणीस लिहिले होते, त्याच्या आधीच्याने सतरा. आकडा खाली येण्याची रीतच नव्हती.

शुक्रवारी खैरुद्दीनशेठ स्वतः आले. वही चाळून खूश झाले. "एकूण एकशे त्रेसष्ट! माशाल्ला. आणि हे धनंजयसाहेब एकवीस? आम्ही रत्नागिरीचे, बंदरावर वाढलेले. आण माझी गळाची काठी."

दोन तास ते वरच्या डोहाशी बसले. परत आले ते घाम पुसतच.

"पंचवीस लिही."

"शेठ, आपल्या हातानेच लिहायचं असतं."

शेठनी लिहिलं. पेन ठेवताना म्हणाले, "एक तर हातभर होता. तू पाहिलास ना?"

तुकारामाने पेन खिशाला अडकवलं. इतके दिवस परक्यांशी खोटं बोलणं निभावलं, पण ज्याचं मीठ खातो त्याच्याशी कसं बोलायचं?

"नाही, शेठ. मला एकही मासा दिसत नाही. पहिल्या दिवसापासून. माझी नजर गेलीय."

शेठनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी वहीकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

"आधी नाही का सांगायचं, हबीबी? या कामाला नजरेचाच माणूस लागतो. महिनाअखेर गावी जा, डोळे दाखव. तिकीट माझ्याकडून. खलास."

शेठची गाडी घाट उतरली. तुकाराम सामानाची मोजदाद करायला चिलरच्या खोलीत शिरला. पाइपांच्या मागे, थंडाव्यात, एक खोकं होतं. पट्टी अजून फोडलेली नव्हती. वर मंगळवारची तारीख, हमदुल्लाची सही आणि दर्शनाची चिठ्ठी. अक्षर मुंगीएवढं. तुकारामाने ते दिवा न लावता, दारातूनच वाचलं.

"तुकारामभाऊ, शेठनी सांगितलेल्या चारशे माशा पाठवल्यात, काळ्या दोनशे, तपकिरी दोनशे. पिसं दबतील, खोक्यावर काही ठेवू नका. ऑर्डर यात पूर्ण झाली. वेगळं काही यायचं नाही."