तिसरीतला पोपट

अभ्यासाचे खेळ बनवणं हीच त्याची नोकरी होती. मोबाइलवरच्या गणिताच्या खेळात त्याने एक पोपट बसवला होता. मुलाने सुरुवातीला आपल्या आवाजात काहीतरी बोलून ठेवायचं आणि उत्तर चुकलं की पोपट तेच बोलायचा. मुलं हसत हसत पुन्हा गणित करायची.

तिसरीतली एक मुलगी मात्र वर्षभर एकाच गणितावर अडली होती. पोपट रोज तिच्याच आवाजात म्हणायचा, "चुकलं गं वेडाबाई, परत कर." खेळ बनवणाऱ्याला राहवलं नाही. त्याने तिला खेळात वरच्या वर्गात घातलं आणि आनंदाची बातमी द्यायला तिच्या आईला फोन लावला.

"ताई, सात आठे छप्पन्नमधून सोडवलं एकदाचं तिला. आता चौथीचा पोपट आहे, तिचा आवाज नव्याने भरा."

"आणि जुना?"

"तो वर्ग बदलला की पुसला जातो."

"परत नाही आणता येणार?"

"नाही हो. आणि तिच्या चुका कशाला हव्यात आता?"



"ती जाऊन वर्ष झालं. रोज मीच चुकत होते, मुद्दाम."