दोघांचा फोटो

म्हाताऱ्या फोटोग्राफर लादेजोने केबल जोडली आणि कॅमेऱ्यातले फोटो एकेक करून कॉम्प्युटरवर उतरू लागले. आधी फ्रॉकातली केहिंदे, सहा वेळा. मग शर्ट आणि टोपी घातलेली केहिंदे, नऊ वेळा.

"फ्रॉकातले राहू द्या, बाबा," तिची आई अजिबिके म्हणाली. "त्याचे दाखवा."

तो म्हणजे तायवो, केहिंदेचा जुळा भाऊ. सात वर्षांचा पोरगा तीन दिवसांच्या तापात गेला, त्याला दोन महिने होत आले होते. त्याचे सगळे फोटो बापाच्या फोनमध्ये होते आणि तो फोन इबादानच्या बसस्टँडवर कुणीतरी मारला. घरात उरला होता तो बारशाचा एकच फोटो. लादेजोने सकाळी तो स्कॅन केला, मोठा करून पाहिला. पांढऱ्या कापडातली दोन गाठोडी आणि चेहऱ्यांच्या जागी नुसते डाग. त्यातून काही निघण्यासारखं नव्हतं.

मग जुन्या रीतीनेच करायचं ठरलं. लादेजोचा बाप ओशोग्बोतल्या स्टुडिओत तसंच करायचा. मागे राहिलेल्या जुळ्याचा फोटो काढायचा आणि गेलेल्याचा म्हणून तोच पुन्हा शेजारी छापायचा. गेलेला मुलगा असेल आणि राहिलेली मुलगी, तर तिला त्याचे कपडे घालायचे. स्टुडिओ कधीच बंद पडला होता. लादेजोचं काम आता घरातल्या बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर चालायचं.

केहिंदे खाली चटईवर बसली होती. अंगात अजून भावाचाच शर्ट. लादेजोच्या बायकोने पुढ्यात ठेवलेली तळलेली केळी तशीच गार झाली होती.

"हा नाही," अजिबिके पडद्याकडे बघत म्हणाली. "हाही नको. ही नुसती केहिंदेच आहे, टोपी घातलेली." मग एकदम तिने लादेजोचं मनगट धरलं. "थांबा. हा."

या फोटोत पोरीने मान किंचित कलती केली होती आणि खालचा ओठ दातांत धरला होता.

"असं बसायला तुला कुणी सांगितलं गं?"

"तायवो असाच बसायचा ना," केहिंदे म्हणाली.

लादेजो कामाला लागला. कान टोचल्याची भोकं पुसली. टोपीखालून डोकावणारी वेणीची टोकं पुसली. हनुवटीवरच्या व्रणापाशी तो थांबला.

"तो हिचा आहे. पुसून टाका," अजिबिके म्हणाली. "आणि गाल जरा भरा, बाबा. तो आजारी पडायच्या आधीचा हवा मला. हिची पार गालफडं बसलीत."

लादेजोने गाल भरले. डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढली. मग दोन्ही फोटो शेजारी शेजारी आणले. बाकावर बसलेला मुलगा गुटगुटीत दिसत होता. शेजारची मुलगी हाडकलेली.

"हिचेही भरू का, जुळ्यांच्या आई? दोन मिनिटांचं काम आहे."

अजिबिकेने पडद्यावरची नजर काढून चटईवरच्या पोरीकडे पाहिलं.

"हिचे तुम्ही कसे भरणार, बाबा?"

लादेजोने माऊसवरचा हात काढला.

"काही खात नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "घास तोंडात धरून बसते. सासूबाई म्हणतात, तो एकटा पडलाय, तो ओढतोय हिला. दोघांचा फोटो भिंतीवर लागला की तो घरात थांबेल. मग ही जेवेल."

लादेजो खुर्ची फिरवून पोरीकडे वळला. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलला, "काय गं, थोरल्या बाई? जन्माला तो आधी आला, पण मोठी तूच ना? जग कसं आहे ते बघून ये म्हणून तूच त्याला पुढे पाठवलंस. जुळ्यांतलं मागून येणारं प्रत्येक पोर केहिंदेच, आणि सगळ्या केहिंदे तसंच करतात."

"या खेपेला मी नव्हतं पाठवलं," केहिंदे म्हणाली.

मागच्या अंगणात जनरेटर धडधडत होता. अजिबिकेने डोक्याचं फडकं सोडलं आणि उगाचच पुन्हा घट्ट बांधलं.

"दोघांच्या मधे एवढी जागा का राहिलीय?" तिने विचारलं.

"वेगवेगळे काढलेत म्हणून. सरकवतो."

त्याने मुलाला जवळ सरकवलं. बाह्या एकमेकींना लागल्या. तरी ती दोघं बसमधल्या अनोळखी माणसांसारखीच दिसत होती.

"हिचा हात त्याच्या खांद्यावर हवा. घरी अशीच बसायची दोघं."

"मग आणखी एक काढावा लागेल."

आईने केहिंदेला पुन्हा फ्रॉक घातला आणि भिंतीपाशी बाकाच्या एका टोकाला बसवलं. बाकाचं दुसरं टोक रिकामं होतं. लादेजोने कॅमेरा डोळ्याला लावला.

"हात लांब कर, बाळा. कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा. आणखी वर. आणखी जरा."

"एवढा उंच नव्हता तो," केहिंदे म्हणाली. "बसला की माझ्या कानाला लागायचा." तिने हात थोडा खाली आणला, बोटं वाकवली आणि तिथेच ठेवला. हात जरासुद्धा थरथरला नाही.

लादेजोने चार फोटो काढले. चौथ्यानंतर म्हणाला, "झालं. घे हात खाली."

केहिंदेने हात सरळ खाली घेतला नाही. कोपर वर उचललं, हात उंचावरून हळूच फिरवून आणला, शेजारच्याच्या डोक्याला लागू नये असा, आणि मग आपल्या मांडीवर ठेवला.