शेडवरचा चिकट थर

स्वयंपाकघरातला दिवा बंद करून त्याने प्लास्टिकची शेड उतरवली. नक्षीच्या खाचाखाचांत धूळ, मेलेली चिलटं, पालीच्या लेंड्या. गेल्या वर्षी बायको वारली; घरात दिवाळी नव्हती, म्हणून दिवाळीची साफसफाईही झाली नव्हती.

"शी! टाकून द्या बाबा," माहेरी आलेली लेक म्हणाली. त्याने तारेची घासणी उचलली तशी ओरडली, "चरे पडतील! कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश घ्या."

तोंड वाकडं करत तो घासू लागला. धूळ निघाली, खाली पिवळा चिकट थर लागला. ओकारी दाबून त्याने वास घेतला. हिंग, मोहरी, जळकं तेल. ती गेल्यापासून जेवणाचा डबाच येत होता. गॅस पेटायचा तो चहापुरता. म्हणजे हा थर तिच्या फोडण्यांचा.

त्याचा हात थांबला. पण घाण ती घाणच. डोळे पुसून त्याने शेड लख्ख घासली, वाळवून टांगली.

"उद्यापासून डबा बंद. वरणाला फोडणी कशी देतात, शिकव मला."

"बाबा, शेड परत चिकट होईल हं!"

"होऊ दे."