ताऊसची तपासणी

"त्या पोरीला तपासा आणि तासाभरात मला लिहून द्या," सी लखदार म्हणाला. तुकडीचा तो प्रमुख. गुहेच्या तोंडाशी टांगलेली घोंगडी त्याने एका हाताने बाजूला धरली होती. बाहेर अल्जीरियाच्या डोंगरावर बर्फ साचलं होतं.

नर्स सेम्हा पट्ट्या उकळत होती. "काय होतंय तिला?"

"होत काही नाही. कुमारी आहे का, तेवढं बघायचं."

सेम्हाच्या हातातला चिमटा भांड्यात पडला. "फ्रेंचांशी लढायला आलीय ती. त्यात हे कशाला?"

"चाळीस पुरुषांत राहायचंय तिला. वरचा हुकूम आहे, सगळ्याच मुलींचं होतं."

"सुईण करायची ना हे?"

"तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. अख्ख्या गावाला सांगत सुटते. तुमचं बरं आहे बाई. तुम्ही पडलात यहुदी. इथं कुणाच्या नात्यात नाही, गोत्यात नाही."

दोन वर्षं सेम्हा या गुहेत पोरांच्या अंगातल्या गोळ्या काढत होती. सडलेले पाय कापत होती. तिचा धर्म कुणाला आठवला नव्हता. घाण उपसायची निघाली तेव्हा बरोबर आठवला.

ताऊस आतल्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. वीस वर्षांची. फ्रेंच छावणीत धुणं धुवायची. तीन दिवस चालून ती काल दुपारी वर पोचली, ती धुण्याच्या गाठोड्यात पेनिसिलिनच्या साठ कुप्या लपवून. टाचांची कातडी पार गेली होती.

सेम्हा जवळ येताच ती आडवी झाली आणि कमरेचा लोकरी पट्टा सोडू लागली.

"हे काय करतेस?"

"ऐकलं मी सगळं. उरका ताई लवकर." ती वर दगडाकडे बघत होती. "मागच्या उन्हाळ्यात गावात झडती झाली, तेव्हा फ्रेंच सोजिरांनीही आधी हेच बघितलं."

नंतरचं सेम्हाने विचारलं नाही. ती घोंगडी सारून बाहेर गेली, बर्फात थुंकली, पुन्हा थुंकली. तोंडातली घाण जाईना.

परत येऊन तिने ताऊसचा पट्टा होता तसा घट्ट बांधला. टाचा धुतल्या, मलम लावून पट्ट्या बांधल्या. मग कागद घेतला आणि त्यावर एकच शब्द लिहिला. कुमारी.

तासाभराने सी लखदार आला. ताऊसने लंगडत जाऊन स्वतः केलेल्या कॉफीचा पेला त्याच्या हातात दिला. एक घोट घेऊन त्याने कागद वाचला, आणि त्याचा चेहरा खुलला.

"झकास! मोहंद मागेच लागला होता. शुक्रवारी फातिहा पढून लग्न लावून टाकू."

"कोण मोहंद?"

"माझा चुलतभाऊ. पोरगी अशी मोकळी फिरलेली बरी नव्हे. लग्न लागलं की कुणी बोट दाखवायला नको."

"तिला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? तुम्हीच तर लिहून दिलंत."

सेम्हाने हात पुढे केला. "द्या तो कागद. एक ओळ राहिली."

तिने उभ्याउभ्याच लिहिलं आणि कागद परत दिला. सी लखदार मोठ्याने वाचू लागला. "क्षयाची शंका. दोन वर्षं लग्न नाही." त्याने मान वर केली. "मग खाली पाठवा हिला!"

"खाली फ्रेंचांचा दवाखाना आहे. आपल्या वाटा माहीत झाल्यात तिला. चालेल तुम्हाला?"

त्याने कागदाची घडी घालून खिशात कोंबली.

"इथंच राहील. माझ्या हाताखाली."

"तुम्हा लोकांना अब्रू म्हणजे काय, ते कधी कळायचं नाही," तो म्हणाला. त्याने पेला अंगापासून लांब धरून दगडावर ठेवला आणि लगबगीने बाहेर पडला. बाहेर त्याने मूठभर बर्फ तोंडात कोंबलं, गुळण्या केल्या आणि कितीतरी वेळ तो थुंकत राहिला. गुहेत आवाज येत होता.

ताऊस भिंतीला धरून उभी होती. ओठ पांढरे पडले होते. "ताई, मला खरंच क्षय झालाय?"

सेम्हाने दगडावरचा पेला उचलला, आणि उरलेली कॉफी गटागट पिऊन टाकली.

"उद्यापासून साखर कमी घाल," ती म्हणाली.