निष्कर्षाच्या जागी चौकोन

रामाकोन्याच्या पुंडलिकरावांनी रिपोर्ट टेबलावर आपटला आणि निष्कर्षाच्या ओळीवर बोट ठेवले. बाकी मजकूर इंग्रजीत होता; तिथे मात्र मराठी अक्षरांऐवजी रिकाम्या चौकोनांची रांग होती.

"पोरीले सिकलसेल आहे. म्हणून झाकून राहिले."

सौंसरच्या त्या लॅबमध्ये त्यांच्यासोबत पुतण्या गौतम होता. समोर त्याची होणारी बायको स्नेहा आणि तिचे वडील गुलाब. रविवारचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रक्ताच्या या आनुवंशिक आजाराच्या एका कागदावर अडले होते.

तंत्रज्ञ सुप्रियाने सांगितले की लॅबच्या संगणकावर सोमवारी लिनक्स ही नवी प्रणाली बसवली आणि त्यात देवनागरी फाँट नव्हता. अक्षराचा आकार सापडला नाही की संगणक त्या जागी चौकोन काढतो. सोमवारपासूनच्या प्रत्येक रिपोर्टात तोच दोष होता. रुग्णांची नावे हाताने झाकून तिने सहा रिपोर्ट पुढे केले. पुंडलिकरावांनी एकही पाहिला नाही.

तिने फाँटची फाइल उतरवली, फाँटच्या फोल्डरमध्ये ठेवली, संगणकाला फाँटची यादी नव्याने वाचायला लावली आणि तोच रिपोर्ट पुन्हा छापला. चार मिनिटे लागली. आकडे तेच होते. चौकोनांच्या जागी अक्षरे आली: सिकलसेल निगेटिव्ह.

पुंडलिकरावांनी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा वापरलेल्या सुयांच्या डब्यात थुंकला. मग रिकाम्या तोंडाने त्यांनी रक्ताच्या शुद्धतेचा मुद्दा मांडला.

"आमच्यासमोरच बदलवून राहिले तुम्ही, मॅडम. कालचे चौकोनी डब्बे आज निगेटिव्ह कसे झाले?"

गुलाब हात जोडून भाऊ, भाऊ म्हणत होते. तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा तपासून घ्या, असे शेवटी तेच म्हणाले. स्नेहाने बाही सरकवून हात पुढे केला. नीट दिसावे म्हणून पुंडलिकरावांनी खुर्ची जवळ ओढली.

सुप्रियाने दोन सुया काढल्या. दुसरी कोणासाठी, असे पुंडलिकरावांनी विचारले. दोष आईबाप दोघांकडून आला तरच मूल आजारी होते, तिने सांगितले. शंकाच घ्यायची तर अर्धा प्रश्न गौतमच्या रक्तात होता, आणि ते आजवर कोणी तपासले नव्हते.

"पोट्ट्याले कायले टोचता? आमी लडकेवाले आहो."

गौतमने मोबाइलवरून मान वर केली नाही. त्याने फक्त शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढली आणि बटण लावले.

स्नेहाने हात मागे घेतला.

"सुई राहू द्या, ताई," ती म्हणाली. "रिपोर्ट भेटला."