यंदा काय सोडायचं

"चला, यंदा कोण काय सोडतंय?" असं म्हणत जोडारी स्वयंपाकघरात फतकल मारून बसला.

दूरच्या गोदीत जहाजांचे पाइप जोडणारा हा माणूस वर्षातून एकदा, पंधरा दिवसांसाठी घरी यायचा. तो आला की त्याच संध्याकाळी घराची बैठक भरायची. वर्षाचा खर्च तिथे ठरायचा आणि एकदा ठरला की ब्रह्मदेव आला तरी बदलायचा नाही. घराचे हप्ते फिटले की त्याने नोकरी सोडून कायमचं परत यायचं, असं पहिल्याच वर्षी ठरलं होतं. ते लवकर फिटावेत म्हणून दर बैठकीत प्रत्येकाने एक गोष्ट सोडायची आणि ती कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने पेन्सिलीने लिहायची.

बारा वर्षांची यादी आता दारावर मावत नव्हती. जोडाऱ्याने आधी तंबाखू सोडली, मग चहातली साखर, मग न्हावी. तेव्हापासून त्याचे केस गोदीतला एक दोस्त कापायचा, आणि ते तसेच दिसायचे. लेकीने सायकलचा हट्ट सोडला होता, बायकोने पंखा. सात वर्षांत फिटणारं कर्ज व्याज वाढल्यामुळे लांबत गेलं, असं बायको सांगायची, आणि दर वर्षी थोडंसंच राहिलेलं असायचं. चार वर्षांपूर्वी तिनेच आठवड्याचा फोन महिन्यावर आणायला सुचवलं. जोडाऱ्याला ते जड गेलं. पण तिचं बरोबरच होतं. अंथरूण पाहूनच पाय पसरायचे.

त्याचं अंथरूणही आता जमिनीवरच असायचं. खाट माळ्यावर गेली होती आणि तिच्या जागी लेकीचं अभ्यासाचं टेबल आलं होतं. आजही दार उघडताच बायकोने पहिला प्रश्न विचारला तो परतीच्या तिकिटाचा. आयत्या वेळी काढलं की महाग पडतं ना! एवढी हिशेबी बायको मिळाली म्हणून गोदीतले लोक त्याचा हेवा करायचे.

"मी कॉलेजला चालत जाईन," लेक म्हणाली. "आई, तू काय सोडतेस?"

"मी संध्याकाळचा चहा."

"आणि बाबा, तुम्ही?"

हे उत्तर जोडाऱ्याने वर्षभर जिभेवर घोळवलं होतं. तरी त्याने घसा खाकरला, पाण्याचा घोट घेतला, दोघींना जरा ताटकळत ठेवलं.

"मी नोकरी सोडतो."

लेकीने आईकडे पाहिलं. बायको पेन्सिलीचं टोक बोटाने चाचपत राहिली.

"थट्टा पुरे हो," ती म्हणाली.

"थट्टा कसली? वर्षभर दोन-दोन पाळ्या केल्यात. हे बघ." त्याने पिशवीतून पुडकं काढून तिच्यासमोर ठेवलं. "राहिलेले हप्ते एकदम टाकू भरून. मग मी मोकळा. इथेच कुठेतरी नळ दुरुस्त करत हिंडेन."

तिने पुडक्याला हात लावला नाही. "कमी पडतील."

"किती?"

"बघावं लागेल. इतकी वर्षं काढलीत, अजून एक काढा. उगाच घाई नको."

बिचारी! ऐन काठावर येऊन घाबरतेय, असं त्याला वाटलं. सवयच गेलीय चांगलं काही घडण्याची.

सकाळी तो आवाजांनी जागा झाला. बादली भरत होती, कुणीतरी खिडकी उघडली, आणि आतल्या खोलीत दोघी कशावरून तरी खुदखुदत होत्या. हे आवाज ऐकण्यासाठी तो तिकडे वर्षभर झुरायचा. पाळी संपवून खोलीवर पडला, की डोळे मिटून ते एकेक आठवायचा. आता रोज ऐकू येतील, या विचाराने त्याचे डोळे भरून आले. तो उठून दारात गेला तशा दोघी गप्प झाल्या. लेक टेबलाशी जाऊन बसली.

अजून नवखेपणा आहे, महिनाभरात जाईल, असं मनाशी म्हणत त्याने पुडकं खिशात घातलं. "जरा पाय मोकळे करून येतो," असं सांगून तो निघाला, तो थेट हप्ते भरतात त्या कचेरीत. तिला पावतीच दाखवायची होती.

कारकुनाने नाव विचारलं, वही काढली, चष्मा वर केला. "तुमचे हप्ते? ते पाच वर्षांपूर्वीच फिटले की."

"चुकताय तुम्ही. माझे पैसे दर महिन्याला इथे येतात."

"येतात ना! बाई पहिल्या तारखेला हजर असतात. फिटल्यापासून सगळे तुमच्या नावावर ठेवीत टाकतात. पाच वर्षांत त्यातली पै काढलेली नाही. मी म्हटलंसुद्धा एकदा, बाई, चपला फाटल्यात तुमच्या, घ्या थोडे. नाही म्हणाल्या." कारकून कौतुकाने हसला. "अशी माणसं राहिली नाहीत हो. मग, आता कायमचेच आलात ना?"

जोडारी घरी पोचला तेव्हा बायको दारातच उभी होती. तिच्या मागे लेक होती.

"कुठे गेला होतात?"

"हप्त्यांच्या कचेरीत."

तिने चौकट धरली. लेकीने तिचा दुसरा हात धरला.

"मग?" बायकोने विचारलं. "काय म्हणाले?"

जोडारी बुटांचे बंद सोडायला खाली वाकला.

"तुझंच बरोबर निघालं," तो म्हणाला. "अजून कमी पडतायत. वर्षभर तरी लागेल म्हणाले."